घोडा दाखवताना माणूस कुठे उभा राहतो?

१८५७-५८ च्या धामधुमीत कोकणातील वरसईचे विष्णुभट गोडसे झाशीत वास्तव्यास होते. त्यांचा ‘माझा प्रवास’ हा वृत्तान्त चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला. त्यात राणी लक्ष्मीबाईंच्या अश्वपरीक्षेची एक आठवण आहे. विक्रीसाठी आणलेले दोन घोडे दिसायला सारखेच उमदे होते. बाईसाहेबांनी दोन्ही घोड्यांवर बसून फेर धरला आणि एकाची किंमत भरपूर, तर दुसऱ्याची अगदी नाममात्र ठरवली. दुसऱ्याची छाती दुखावलेली आहे, हे त्यांना खोगिरावर बसताच उमगले होते. त्या काळी उत्तर हिंदुस्थानात घोड्याची पारख करणारी जी मोजकी नावे घेतली जात, त्यांत राणींचे नाव होते, असेही गोडसे सांगतात.

आजच्या पशुप्रदर्शनातील परीक्षकाला ही सोय नसते. त्याच्या वाट्याला प्रत्येक जनावरामागे फार तर काही मिनिटे येतात आणि घोडा दोराच्या टोकाला उभा असतो. त्यामुळे त्याला काय दिसते आणि काय दिसत नाही, हे घोड्यापेक्षा दोर धरणाऱ्या माणसावर अवलंबून राहते. तो माणूस एक पाऊल पुढे सरकला तर वाकडा पाय झाकला जातो, एक पाऊल मागे सरकला तर उघडा पडतो. मराठीत या माणसाला मोतद्दार म्हणतात. जुन्या मराठीत खासदार हा शब्दही घोड्याची निगा राखणाऱ्यासाठी वापरला जाई. पुढे तो शब्द संसदेत गेला आणि मोतद्दार मात्र तबेल्यातच राहिला. त्याच्या उभे राहण्याच्या जागेकडे आपल्या प्रदर्शनांनी आजवर जेवढे द्यायला हवे तेवढे लक्ष दिलेले नाही.

हा विषय बारीकसारीक शिष्टाचाराचा वाटेल. पण तो तसा नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील घोडे आणि तट्टे मिळून जेमतेम ३.४ लाख भरली. २०१२ च्या तुलनेत ही घट ४५ टक्क्यांहून अधिक होती. इतक्या झपाट्याने आटणाऱ्या संख्येतून जे नर-माद्या पैदाशीसाठी निवडल्या जातात, त्यांच्यावरच पुढच्या पिढ्या उभ्या राहणार आहेत. ही निवड प्रत्यक्षात प्रयोगशाळेत होत नाही; ती यात्रेत आणि प्रदर्शनात होते. ज्या घोड्याला फेटा आणि ढाल मिळते, त्याच्याकडे पुढच्या हंगामात घोड्या येतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडा, गाढव, खेचर आणि उंट यांच्या पैदाशीसाठी उद्योजकांना ५० टक्के, कमाल ५० लाख रुपयांपर्यंत भांडवली अनुदान देण्याचा निर्णय घेतला. म्हणजे आता या निवडीत सार्वजनिक पैसाही उतरला आहे.

महाराष्ट्राच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. भीमेच्या काठाचा भीमथडी घोडा आता स्वतंत्र भारतीय जात म्हणून नोंदला गेला आहे. मराठ्यांच्या फौजा उत्तरेत आल्या त्या अशाच काटक दख्खनी घोड्यांवर. १७४२ मध्ये नारोशंकर झाशीला आले तेव्हाच्या पागेची कल्पना यावरून करता येते. ज्या धनगरांनी मेंढरांच्या वाड्यासोबत बिऱ्हाड वाहण्यासाठी हा घोडा सांभाळला, त्यांचे निकष सरळ होते: खूर टिकाऊ हवेत, पाठ मजबूत हवी, चाल सरळ हवी, स्वभाव शांत हवा. आता नोंदणी झाल्यावर भीमथडीचे स्वतंत्र वर्ग प्रदर्शनांत भरतील. तेथे त्याची पारख याच गुणांवर होईल की मारवाडी घोड्याच्या छापावर होईल, हा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर बऱ्याच अंशी रिंगणातील रीतीवर ठरणार आहे.

नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी घोड्यांचा जो बाजार भरतो, तो पाहिलेल्यांना हे चित्र नवे नाही. घोडा मधोमध, दोन्ही बाजूंना दोन माणसे, दोघांच्या हातांत ताणलेले दोर, समोर हलगी किंवा ढोल आणि भोवती जेमतेम हातभर अंतरावर गर्दी. घोडा मागच्या पायांवर उभा राहतो, टापा आपटत नाचतो, लोक टाळ्या देतात. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या यात्रेतही दृश्य याहून फार निराळे नसते. हे कौशल्य आहे, त्यामागे वर्षानुवर्षांची मेहनत आहे, आणि नाचकामाची स्वतंत्र स्पर्धा असण्यास कोणाची हरकत असू नये. हरकत आहे ती नाच आणि पारख यांची सरमिसळ करण्याला. नाचणाऱ्या घोड्याचा पुढचा पाय आतल्या अंगाला वळलेला आहे की नाही, हे कोणालाही सांगता येत नाही. दोन बाजूंना दोन माणसे उभी राहिली की दोन्ही खांदे झाकले जातात. पुष्कळदा तोंडात काटेरी लगाम असतो. ओझ्याच्या आणि सवारीच्या जनावरांसाठी असा लगाम १९६५ च्या नियमांनी निषिद्ध ठरवलेला आहे, याची आठवण आयोजकांना करून द्यावी लागते हेही खेदाचेच. खरेदीदार मग भोवरे मोजत बसतो. देवमण आहे म्हटल्यावर सौदा पुढे सरकतो आणि पाय पाहायचे राहून जातात.

जगभरात घोडा हातात धरून दाखवण्याच्या ज्या रीती रूढ आहेत, त्यांत माणसाच्या जागेसंबंधी निरनिराळे विचार झालेले आहेत. मेंढी दाखवणाऱ्याला सहसा एकच गोष्ट शिकवतात: परीक्षक आणि आपण यांच्या मधोमध नेहमी जनावर असले पाहिजे. मेंढीला हे ठीक आहे. तिच्या लाथेने कोणाचा जीव जात नाही. ब्रिटिश वळणाच्या प्रदर्शनांत माणूस घोड्याकडे तोंड करून समोर उभा राहतो, म्हणजे दोन्ही बाजू एकदम मोकळ्या मिळतात. अरबी घोड्यांच्या वर्गातही धरणारा समोर, दोराच्या अंतरावर असतो. ही रीत पाहायला देखणी आहे. पण घोडा बिथरून पुढचे पाय उचलू लागला तर ते पाय ज्याच्या अंगावर यायचे तो माणूस नेमका समोरच असतो. अनुभवी हातांसाठी ती योग्य असेल. तालुक्याच्या मेळाव्यात, ढोलाच्या आवाजात, पहिल्यांदाच घोडा घेऊन उतरलेल्या मुलासाठी ती योग्य नाही.

अमेरिकेत, विशेषतः तेथील ग्रामीण मुलांच्या स्पर्धांतून, जी रीत घट्ट झाली ती आपल्याकडे अधिक उपयोगी ठरेल. तिला मराठीत चौथाईची रीत म्हणता येईल. हा शब्द मराठी कानांना वसुलीची आठवण करून देतो, पण येथे वसूल करायचे आहे ते फक्त निर्मळ दर्शन. घोड्याच्या डोक्यापासून शेपटीपर्यंत पाठीच्या कण्यावरून एक रेषा आहे असे मानावे. मान जेथे संपते, त्या खांद्यांवरच्या उंचवट्यावरून दुसरी आडवी रेषा आहे असे मानावे. घोड्याचे चार भाग झाले. आता नियम एवढाच: परीक्षक पुढच्या अर्ध्या भागात असेल तर धरणाऱ्याने त्याच्या विरुद्ध बाजूला उभे राहावे, परीक्षक आडवी रेषा ओलांडून मागच्या अर्ध्यात गेला की धरणाऱ्याने त्याच्याच बाजूला यावे. परीक्षक घोड्याभोवती एक पूर्ण फेरी मारतो तेव्हा धरणारा चार वेळा बाजू बदलतो. प्रत्येक वेळी त्याची जागा घोड्याचा डोळा आणि नाकपुडी यांच्या दरम्यान, थोडी तिरपी असते. अगदी समोर कधीच नाही. बाजू बदलताना तो मानेखालून वाकून जात नाही, तोंडापुढून दोन-तीन पावलांत घोड्याकडे तोंड ठेवून जातो.

पहिल्या अर्ध्या नियमाचे कारण सहज कळते. परीक्षक डोके, मान, छाती आणि पुढचे पाय पाहत असताना धरणारा त्याच बाजूला असेल तर तोच आड येईल. म्हणून त्याने पलीकडे जावे. दुसऱ्या अर्ध्याचे कारण मात्र वाचकाने क्षणभर थांबून समजून घ्यावे, कारण सगळी सुरक्षितता तेथे आहे. परीक्षक घोड्याच्या डाव्या पुठ्ठ्याजवळ वाकून मागचे पाय पाहत आहे असे समजा. या वेळी घोडा बिचकला तर धरणारा सवयीने दोर स्वतःकडे ओढतो. तो डाव्या बाजूला असेल तर घोड्याचे तोंड डावीकडे वळते आणि मागचा भाग उजवीकडे, म्हणजे परीक्षकापासून दूर फिरतो. तोच माणूस उजव्या बाजूला असता, तर त्याच ओढीने घोड्याचे दोन्ही मागचे पाय परीक्षकाच्या अंगावर आले असते. एकाच माणसाने, एकाच घोड्याला, एकाच जोराने दिलेली एकच ओढ. फरक फक्त उभे राहण्याच्या जागेचा. आपल्याकडच्या दोन दोरांच्या पद्धतीत तर दोघे दोन दिशांना ओढतात आणि घोडा कोठे वळेल ते कोणाच्याच हातात उरत नाही.

घोड्याच्या नजरेचाही येथे विचार हवा. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही कडांना असल्याने त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते. दिसत नाही ते कपाळाच्या अगदी पुढचे आणि शेपटीच्या अगदी मागचे. अनोळखी परीक्षक शेपटीमागून जातो तेव्हा तो काही क्षण घोड्याच्या दृष्टीने नाहीसा होतो आणि दुसऱ्या बाजूला अकस्मात उगवतो. त्या क्षणी ओळखीचा माणूस डोळ्यापाशी असणे, त्याचा हात स्थिर असणे, यानेच घोडा शांत राहतो. बुंदेलखंडातच नव्हे, सगळ्या हिंदी मुलखात हाकिमाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये असे म्हणतात. परीक्षकाला तर मागून जाणे भागच असते. त्याची काळजी पुढच्या माणसाने घ्यायची.

दोराबद्दल एक सूचना या ओघातच दिलेली बरी. उरलेला दोर मुठीभोवती गुंडाळून घेण्याची सवय सर्रास दिसते. लग्नसराईत नवरदेवाची घोडी नेणाऱ्यांच्या हातीही तो असाच दिसतो. घोडा उधळला तर गुंडाळलेला दोर सुटत नाही आणि माणूस फरफटत जातो. दोर घड्या घालून तळहातात धरावा, म्हणजे मूठ उघडताच तो मोकळा होतो.

आता लहान घोड्यांकडे वळावे. ज्यांना परदेशात मिनिएचर म्हणतात, असे खुजे घोडे आपल्याकडेही काही शेतघरांवर, कृषी पर्यटन केंद्रांवर आणि मुलांच्या वाढदिवसांना दिसू लागले आहेत. अमेरिकेतील प्रमुख नोंदणी संस्थेच्या नियमानुसार अशा घोड्याची उंची ३४ इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे ८६ सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावी. आणि ती मोठ्या घोड्याप्रमाणे खांद्याच्या उंचवट्यावर न मोजता आयाळीचे शेवटचे केस जेथे संपतात तेथे मोजतात. एवढ्याशा जनावराला चौथाईच्या रीतीची काय गरज, परीक्षकाला तर पाठीवरून पलीकडचेही दिसते, असा आक्षेप सहज येतो. तो अर्धाच खरा आहे.

मोठ्या घोड्याशेजारी माणूस लहान असतो. खुज्या घोड्याशेजारी माणूसच मोठा होतो. तो नेहमीप्रमाणे गळ्यापाशी खेटून उभा राहिला तर त्याच्या दोन पायांआड घोड्याचे अर्धे शरीर लपते. तो वाकला, उकिडवा बसला, तर उरलेलेही लपते. म्हणून जागेचा नियम तोच ठेवून अंतराचा नियम बदलावा लागतो. दोर थोडा लांब हवा, माणूस ताठ आणि एक पाऊल अधिक बाजूला हवा, हात कमरेच्या पातळीवर हवा. हात वर धरला तर मान ओढली जाते, फार खाली नेला तर डोके लटकते; दोन्हींत घोड्याची मूळ ठेवण दिसत नाही. चालवतानाही तो एक पाऊल बाजूला राहिला पाहिजे, नाहीतर परीक्षक घोड्याच्या चालीऐवजी माणसाच्या पायजम्याची चाल तपासत बसतो.

सुरक्षिततेचा मुद्दा लहान घोड्यात कमी न होता उलट वाढतो. खुज्या जातींत तोंडाच्या ठेवणीतील दोष, वरचा जबडा पुढे येणे, मागच्या पायाची वाटी सरकणे आणि बुटकेपणाचे आनुवंशिक विकार अधिक आढळतात. हे दोष पाहायचे तर परीक्षकाला खाली बसावे लागते. मोठ्या घोड्याची लाथ उभ्या माणसाच्या मांडीला किंवा पोटाला लागेल. खाली बसलेल्या परीक्षकाचे मस्तक खुज्या घोड्याच्या खुरांच्या नेमके समोर येते. शिवाय लहान घोडा धरायला बहुधा लहान मूल दिले जाते आणि ‘एवढासा तर आहे’ म्हणून आईवडील कुंपणाबाहेर गप्पा मारत उभे असतात. त्या मुलाला चार जागा पाठ असतील तर परीक्षकही सुरक्षित राहतो आणि मूलही.

तोंड उघडून दाखवण्याचे काम मोठ्या आणि लहान, दोन्ही घोड्यांच्या बाबतीत धरणाऱ्यानेच करावे, परीक्षकाने नव्हे. ग्लँडर्ससारखा रोग नाकातील स्रावातून पसरतो आणि माणसालाही होतो. एकाच परीक्षकाचे हात वीस घोड्यांच्या ओठांना लागणे हे केवळ अस्वच्छ नव्हे, धोक्याचे आहे.

यावर जाणत्या अश्वपालांचे दोन आक्षेप ऐकू येतात आणि दोन्ही ऐकण्यासारखे आहेत. पहिला असा की आपला घोडा तापट, रंगात आलेला असतो, तो एका दोरावर असा पुतळ्यासारखा उभा राहणार नाही. उत्तर असे की, जो घोडा एका माणसाच्या हातात दोन मिनिटे स्थिर उभा राहत नाही, त्याच्या स्वभावाविषयी परीक्षकाला जे कळायचे ते कळले आहे. स्वभाव हाही पैदाशीत उतरणारा गुण आहे, आणि धनगराच्या बिऱ्हाडाला तापट घोडा नको असतो. दुसरा आक्षेप परकेपणाचा. पण जनावराच्या आणि माणसाच्या जागा ठरवून देणे आपल्याला परके नाही. आगाडी-पिछाडी बांधून घोड्याला पागेत नेमक्या जागी उभे करण्याची शिस्त ज्यांनी पाळली, त्यांना माणसाच्या जागेची शिस्त जड जाऊ नये. रीत कोठून आली याहून ती कोणाचे डोके वाचवते, हे पाहावे. तिसरा एक आक्षेप मोठ्याने बोलला जात नाही: सगळे उघड दिसले तर काही घोड्यांचा भाव उतरेल. तो उतरावाच.

नियम लिहायचा तो कोणी? महाराष्ट्रातील पशुविज्ञान विद्यापीठ, राज्याचा पशुसंवर्धन विभाग आणि हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र यांनी मिळून दोन पानांची मराठी-हिंदी आचारसंहिता केली, तरी पुरे. आणि तिच्या पहिल्या प्रशिक्षणाला झाशीहून योग्य ठिकाण नाही. येथे १९६२ पासून चारा संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे, राणींच्या नावाचे केंद्रीय कृषी विद्यापीठ आहे, आणि बुंदेलखंडात वीटभट्ट्यांवर, टांग्यांना आणि वरातींत घोडे आजही काम करतात. त्यांचे मालक प्रदर्शनाच्या कौतुकात कधी आलेले नाहीत. मराठी मुलखातून चार परीक्षक आणि दहा मोतद्दार येथे आठवडाभर पाठवणे हा खर्च कोणत्याही प्रदर्शनाच्या मांडवापेक्षा कमी आहे.

पहिल्या दिवशी घोडाही लागत नाही. जमिनीवर चुन्याने एक आडवी, एक उभी रेघ मारावी, मधोमध एक बाक ठेवावे, त्याच्या एका टोकाला मोहरकी आणि दोर बांधावा. एकाने परीक्षक होऊन फेरी मारावी, दुसऱ्याने जागा बदलाव्यात. चुकले की तिसऱ्याने मोठ्याने ‘लाथ’ म्हणावे. संध्याकाळपर्यंत पावले आपोआप पडू लागतात. दुसऱ्या दिवशी एखादी शांत, वयस्क घोडी आणावी आणि तिसऱ्या दिवशी एखादे तट्टू. बाकाजवळ जो एक पाऊल जवळ उभा राहायला शिकला, त्याला त्या दिवशी एक पाऊल लांब सरकायला शिकावे लागेल.